ग्रहणाची बातमी : विजयदुर्ग ते क्लेमेंटी

मराठी घरात आकाशाची बातमी येते ती भिंतीवरच्या कॅलेंडरातून. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, मृग कधी लागणार, संक्रांत कधी, ग्रहणाचा स्पर्श केव्हा आणि मोक्ष केव्हा, हे सगळे आपल्या आजी-आजोबांना कुठे शोधायला जावे लागले नाही. घरात दुर्बीण नव्हती, पण पुढच्या महिन्यात आकाशात काय घडणार ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेले असे. सिंगापूरला येताना आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर हे कॅलेंडरही आले. इथे आल्यावर मात्र एक अडचण लक्षात येते. कॅलेंडरातला चंद्रोदय बहुधा मुंबईचा असतो. उपास सोडायला ती वेळ इथे चालत नाही, आणि अडीच तास मिळवून केलेला हिशेबही बरोबर येत नाही. आकाशाची बातमी गावागणिक बदलते.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, खगोलशास्त्रज्ञ तर नाहीच. व्यवसायाने आय.टी. कन्सल्टंट. मूळचा सोलापूरचा, मास्टर्स करायला सिंगापूरला आलो आणि विद्यापीठापासून जवळ म्हणून क्लेमेंटीत घर घेतले ते आजतागायत. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना जेऊर नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या जेऊरला एका ग्रहणासाठी सातासमुद्रापलीकडून लोक आले होते, हे कळल्यापासून मला एक प्रश्न पडत आला आहे. आकाशात काही घडणार आहे, ही बातमी सामान्य माणसापर्यंत कोणी आणि कशी पोहोचवली? मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा याच प्रश्नाचा मागोवा घ्यायचे ठरवले.

पंचांग आणि आकाश

सुरुवात पंचांगापासूनच करावी लागेल. कोकणात मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. गणित इतके सुटसुटीत की पुढची तीनशे वर्षे महाराष्ट्रातले जोशी त्यावरूनच पंचांग करत. पण कोणतेही घड्याळ कितीही उत्तम असले तरी तीनशे वर्षे न जुळवता चालवले तर पुढे-मागे होणारच. एकोणिसाव्या शतकात पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांच्यात तफावत दिसू लागली.

ही तफावत गंभीरपणे घेणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे नाव पहिले. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, पुढे पुण्यात प्राध्यापक झालेले केरोनाना यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत काढले आणि आधुनिक वेधांवर बसवलेले नवे पंचांग सुरू केले. पटवर्धनी पंचांग म्हणून ते ओळखले जाते. त्यावरून वाद झाले, ते दोन पिढ्या चालले. कोणत्या दिवशी एकादशी करायची हा प्रश्न घराघरातला होता. तिथी चुकली की बरोबर हे सामान्य माणसाला तपासता येत नाही. ग्रहण मात्र अंगणात उभे राहून कोणालाही तपासता येते. पंचांगात लिहिलेल्या वेळेला सूर्याला खळगा पडला तर गणित बरोबर, नाही तर चूक. पंचांगकर्त्याची परीक्षा लोकांदेखत होते ती ग्रहणाच्या दिवशी.

केरोनानांच्या डेक्कन कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांत एक होते बाळ गंगाधर टिळक. लोकमान्यांना पंचांग-सुधारणेचा ध्यास लागला त्याचे मूळ इथे आहे.

१८६८ : कोकण ते सयाम

आता पहिल्या ग्रहणाकडे वळू. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकणच्या बाजूने हिंदुस्थानात शिरली. पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडीवरून, विजापूर-गुंटूरवरून मछलीपट्टणमला पोहोचली आणि बंगालचा उपसागर पार करून सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये गेली. श्रावण-भाद्रपदाचे दिवस, आकाश ढगाळ. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ढगांच्या फटींतून जमेल तेवढे पाहिले. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन होते. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वालांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून तपासला आणि त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांनी ओळखले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून दाखवले.

तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर हेच करण्याच्या खटपटीत होते. त्यांना ऑक्टोबर १८६८ मध्ये यश आले. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि फ्रेंच सरकारने एकाच पदकावर दोघांचेही मुखवटे कोरून वाद होण्याआधीच मिटवला. सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असावे, असे लॉकियर यांनी मांडले. तोच हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ साली रॅम्झे यांना सापडला.

याच सावलीचे दुसरे टोक आपल्या या भागाशी जोडलेले आहे. सयामचे राजे मोंगकुट सत्तावीस वर्षे भिक्षू म्हणून राहिले होते आणि त्या काळात त्यांनी पाश्चात्य गणित-ज्योतिष शिकून घेतले होते. खग्रास ग्रहण कुठे आणि किती वाजता दिसेल याचे गणित त्यांनी स्वतः केले आणि वाह-को या किनाऱ्यावरच्या जागी छावणी टाकली. तिथे त्यांनी फ्रेंच शास्त्रज्ञांना बोलावले, दरबाऱ्यांना नेले आणि सिंगापूरहून स्ट्रेट्स सेटलमेंट्सचे गव्हर्नर सर हॅरी ऑर्ड यांनाही आमंत्रण दिले. ऑर्ड आपल्या परिवारासह तिथे गेले. खग्रास स्थिती साडेसहा मिनिटांहून अधिक काळ टिकली आणि राजाचे गणित बरोबर ठरले. दरबारातल्या ज्योतिषांचा विरोध डावलून एका राजाने आपल्या माणसांना ग्रहण बघायला बाहेर काढले होते. त्याची किंमत मात्र मोठी पडली. त्या दलदलीच्या जागी राजाला मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी त्याचे निधन झाले. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात.

कोकणातल्या शेतकऱ्याने त्या दिवशी काय पाहिले असेल? पंचांगाने ग्रहण सांगितले होते, ते नदीवर किंवा समुद्रावर स्नानासाठी. वर बघा, असे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

१८९८ : विजयदुर्ग आणि जेऊर

तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, चंद्राची सावली पुन्हा महाराष्ट्रावरून गेली. या वेळी हिवाळा होता, आकाश स्वच्छ. विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागून जेऊरवरून विदर्भाकडे आणि पुढे बिहारमध्ये बक्सरकडे, असा तिचा मार्ग होता. लॉकियर या वेळी स्वतः आले आणि त्यांनी विजयदुर्ग किल्ल्यावर छावणी टाकली. ‘मेल्पोमेनी’ या आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यावर उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून आजही दाखवतात.

इथे थोडे थांबून एक खुलासा करायला हवा. ‘हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावर लागला’ हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचलेले आहे. फोनवर तर ते दर ऑगस्टमध्ये फिरत येते. ऐकायला अभिमान वाटतो, पण दोन ग्रहणांची त्यात सरमिसळ झाली आहे. १८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते विजयदुर्गावर आले १८९८ साली, म्हणजे हेलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीन वर्षांनी. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने आपली उपकरणे मांडायला शिवरायांचा हा जलदुर्ग निवडला, ही खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. मुलांना किल्ला दाखवायला न्याल तेव्हा ही खरी गोष्ट सांगा.

जेऊरचे चित्र मला त्याहून मनोरंजक वाटते. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथे आले होते. आणि त्याच माळावर आपला एक माणूस होता, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी.मध्ये, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातली सर्वात मोठी दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. जेऊरला खग्रास स्थिती होती सुमारे दोन मिनिटे. त्यासाठी अमेरिकेतून जहाजाने यायचे, माळरानात आठवडे काढायचे आणि दोन मिनिटांत काय ते साधायचे!

त्या दिवशी जेऊरच्या माळावर नसलेल्या दोन माणसांची आठवण मला होते. एक म्हणजे टिळक. १८९३ साली मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवणारे ‘ओरायन’ लिहिणारा हा माणूस त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होता. दुसरे म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा अजोड ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला होता. ग्रहणानंतर तीनच महिन्यांत, एप्रिल १८९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीसच्या आसपास.

रात्रीची दोन घटका मौज

दीक्षित मुरुडचे, पण दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. व्यवसायाने शिक्षक. मोठा ग्रंथ लिहिण्याच्या आधी त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले होते, ‘ज्योतिर्विलास’. त्याचे दुसरे नाव होते ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, तेव्हा दोन घटका म्हणजे पाऊण तास. जेवणखाण आटोपल्यावर, झोपण्याआधी, अंगणात बसून पाऊण तास आकाशाची मजा घ्या, असे हा शिक्षक साध्या मराठीत वाचकाला सांगतो. त्याने ग्रहतारे भाकितासाठी वापरले नाहीत, पुण्यासाठीही नाहीत. आकाश बघण्यात मौज आहे, एवढे कारण त्याला पुरले. सामान्य मराठी माणसासाठी आकाशाच्या गप्पांची परंपरा कुठून धरायची असे कोणी विचारले, तर मी या नावाकडे बोट दाखवीन.

पुढे ही परंपरा अनेकांनी चालवली. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वात जुनी संस्था मानली जाते. टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर दुर्बिणीपुढे रांग लावून शनीची कडी पाहिलेले पुणेकर तुम्हाला सिंगापुरातही भेटतील. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद आली. १९७७ च्या मार्चमध्ये मुंबईला वरळीत नेहरू तारांगण उघडले. गंमत म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या क्लेमेंटीच्या पुढच्याच स्टेशनवर, जुरॉंगला, सायन्स सेंटर सुरू झाले.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि महाराष्ट्रात आकाशदर्शनाची लाटच आली. मुंबईत खगोल मंडळ, कल्याणला आकाशमित्र ही मंडळे त्याच सुमाराची. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला कर्जत लोकलने वांगणीला उतरायचे, सतरंजी टाकून पडायचे आणि पहाटेपर्यंत राशी-नक्षत्रे ओळखायची. घरचा डबा, खांद्याला शबनम, टॉर्चला लाल जिलेटिन कागद! हे करणारे सगळे आपापली नोकरी सांभाळून करत, पदरमोड करून. वर्तमानपत्रात दा. कृ. सोमण यांच्या नावाने चार-सहा ओळींची बातमी येई. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेला काय दिसेल आणि ते साध्या डोळ्यांनी दिसेल की नाही, एवढेच त्यात असे. मला वाटते, आकाशाच्या बातमीचा हा उत्तम नमुना आहे.

आणि डॉ. जयंत नारळीकर. १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या, जगभर मान्यता असलेल्या या शास्त्रज्ञाने मराठीत लिहिणे कधी सोडले नाही. शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने त्यांच्या आयुकात सुरू झाली. सही मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देतो. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा इथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांतही किती जणांनी त्यांच्या विज्ञानकथांची आठवण काढली! परदेशी येऊन विज्ञान-तंत्रज्ञानावर पोट भरणाऱ्या आपल्या पिढीवर त्यांचे ऋण आहे.

दारे-खिडक्या बंद

इतके सगळे होऊनही ग्रहण आले की काय होई? १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण माझ्या जन्माच्या आधीचे. खग्रासचा पट्टा कारवार, हुबळी, गदग, रायचूरवरून गेला. सोलापूरच्या जवळजवळ उंबरठ्यावरून. आई सांगते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. दारे-खिडक्या लावून, फटींत कपडे कोंबून लोक आत बसले होते. मुंबईचे रस्ते ओस पडले आणि लोकांनी घरात राहावे म्हणून दूरदर्शनवर सिनेमा लावला होता, असे मोठी माणसे सांगतात. डोळ्यांना इजा होते हा शास्त्रज्ञांचा इशारा बरोबरच होता. सूर्याकडे थेट पाहिले तर डोळ्यातला पडदा भाजतो, वेदना न होता भाजतो. पण कसे बघायचे नाही हे सांगताना कसे बघायचे हे पुरेसे सांगितले गेले नाही. जुन्या भीतीला नव्या शास्त्राचे पाठबळ मिळाले, आणि दोन्ही मिळून माणसे घरात राहिली.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण ऐन दिवाळीत आले. खग्रास दिसणार होते राजस्थानपासून बंगालपर्यंत. आमच्याकडे सकाळी खंडग्रास. घरात फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रे ठेवलेली, आजी जपाला बसलेली. सुट्टी असूनही आमचे विज्ञानाचे सर गल्लीत आले आणि म्हणाले, ‘‘घरातून बुंदीचा झारा आणा रे.’’ झारा उन्हात धरला आणि खाली पांढरा कागद. कागदावर झाऱ्याच्या प्रत्येक भोकाखाली एकेक चंद्रकोर! पन्नास-साठ छोट्या छोट्या सूर्यकोरी. भोकातून पडणारा कवडसा हा सूर्याची प्रतिमाच असतो, एरवी तो गोल म्हणून आपल्या लक्षात येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आजी बाहेर आली नाही, पण तिने तो कागद दारात आणायला लावला आणि आतून पाहिला. ‘‘हे तर चालेल,’’ म्हणाली. आमच्या घरात १९८० आणि १९९५ मध्ये एवढा फरक पडला, तो बुंदीच्या झाऱ्यामुळे.

२०१९ : क्लेमेंटी

२६ डिसेंबर २०१९ रोजी कंकणाकृती सूर्यग्रहण झाले. सावलीचा मार्ग आखातातून केरळात कण्णूरजवळ, तमिळनाडूत कोइमतूर, पुढे जाफना, सुमात्रा आणि थेट आपल्या सिंगापूरवर. इथे स्पर्श ११ वाजून २७ मिनिटांनी, कंकण १ वाजून २२ ते २४ मिनिटांच्या दरम्यान, मोक्ष ३ वाजून १८ मिनिटांनी. भर दुपारी, जवळजवळ डोक्यावर. इथे घड्याळात मध्यान्ह होतो एकच्या सुमाराला, कारण आपण राहतो १०४ रेखांशावर आणि १९८२ पासून घड्याळ लावतो १२० रेखांशाचे.

माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको तेव्हा आमच्याकडे होते. तिला सातवा महिना. आदल्या रात्री सोलापूरहून आईचा फोन आला. तिने पंचांगातून सगळे लिहून ठेवले होते. ‘‘आठला स्पर्श आहे, अकराला मोक्ष. तोवर तिला खिडकीशी जाऊ देऊ नकोस. चाकू-सुरी हातात नको. आणि अकरानंतर जेवा.’’ मी म्हटले, ‘‘आई, ही सोलापूरची वेळ आहे. तुझ्याकडे मोक्ष होत असेल तेव्हा इथे कंकण असेल, सगळ्यात मोठे ग्रहण. आमचे सुटायला तुझे पावणेएक वाजतील.’’ फोनवर बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, ‘‘म्हणजे पंचांग तिकडे लागू नाही?’’ लागू आहे, पण वेळ इथली काढावी लागते, असे मी सांगितले. ‘‘मग तिला उपाशी किती वेळ ठेवणार? पावणेचार तास? छे, असे कसे चालेल! तिला वेळेवर जेवू घाल.’’ पोटुशी बाई उपाशी राहू नये, हा आईचा नियम ग्रहणाच्या नियमापेक्षा जुना निघाला.

भावाची बायको स्वतः शिकलेली, पण मनात धाकधूक होतीच. घरात पहिलेच मूल, आणि पुढे काही कमी-जास्त झाले तर आयुष्यभर हाच दिवस आठवेल, ही भीती शिक्षणाने एका दिवसात जात नाही. मी आग्रह केला नाही. रजा टाकली होती, ग्रहणाचे चष्मे आणले होते. ते घेतले, स्वयंपाकघरातला झारा घेतला आणि आमच्या ब्लॉकच्या खाली गेलो. ढग येत-जात होते. शेजारच्या चिनी आजीबाई, एक मलय कुटुंब, बांधकामावरचे दोन तमिळ कामगार, शाळेला सुट्टी असलेली पोरे, सगळी झाऱ्याभोवती जमली. रेन-ट्रीच्या पानांतून पडणारे कवडसेही कोरींच्या आकाराचे झाले होते. सव्वा वाजता पाहिले तर भावाची बायको खाली आलेली, जेवून, हातात ताकाचा पेला. एक वाजून बावीस मिनिटांनी ढग सरकला. चष्म्यातून तिने दोन मिनिटे ती सोन्याची बांगडी पाहिली आणि झाऱ्याखाली तशाच पन्नास बांगड्या. मग तिने स्वतःच आईला व्हिडिओ कॉल लावला. आई ओल्या केसांनी, नुकतीच मोक्षाची आंघोळ करून आलेली. तिने स्क्रीनवर त्या बांगड्या पाहिल्या आणि विचारले, ‘‘झारा आपला सोलापूरचाच ना?’’

त्या सावलीखाली त्या दिवशी कण्णूरपासून सिंगापूरपर्यंत लाखो लोक उभे होते. १८६८ मध्ये गव्हर्नर ऑर्ड यांना ग्रहण बघायला सयामपर्यंत जहाजाने जावे लागले होते. आम्हाला लिफ्टने खाली यावे लागले.

इथले आकाश

सिंगापूरचे आकाश फार उजळ आहे. जगातल्या प्रकाश-प्रदूषणाचा नकाशा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सिंगापूर पहिल्या क्रमांकावर होते. इथे कोणाच्याही डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होऊच शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आकाशगंगा इथून दिसायची आशा सोडावी. पण चंद्र, ग्रह, ठळक तारे आणि ग्रहणे यांना शहराचे दिवे अडवू शकत नाहीत. सायन्स सेंटरच्या वेधशाळेत शुक्रवारच्या संध्याकाळी लोकांना मोफत दुर्बीण दाखवण्याचा उपक्रम अनेक वर्षे चालला. माझ्या मुलीने गुरूचे चार चंद्र पहिल्यांदा तिथेच पाहिले.

आपल्याला इथे एक लाभही आहे. आपण जवळजवळ विषुववृत्तावर राहतो. मृग नक्षत्र इथे थेट डोक्यावरून जाते. अगस्ती उंच असतो. सोलापूरहून जेमतेम बारा अंशांवर येणारा त्रिशंकू इथे तीस अंशांपर्यंत चढतो. ध्रुवतारा मात्र क्षितिजाशी एका अंशावर, म्हणजे इमारतींच्या मागे कायमचा दडलेला. ध्रुवबाळाची अढळपदाची गोष्ट ऐकून मुलीने विचारले, ‘‘मग तो दाखव ना!’’ दाखवता येत नाही. तो बघायला आजीकडे जावे लागते, असे आमच्या घरात आता ठरलेले आहे. मात्र जो त्रिशंकू इथून इतका छान दिसतो, तो ना धड स्वर्गात ना धड पृथ्वीवर! आपल्यासारख्यांची चेष्टा करायलाच जणू तो समोर आहे.

आपली मुले ओरायन, सिरियस ही नावे शाळेत शिकतील. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ही नावे त्यांना शाळा सांगणार नाही. मार्गशीर्ष महिन्याचे नाव मृगशीर्षावरून आणि कार्तिकाचे कृत्तिकांवरून आले, हे आपण सांगितले नाही तर महिन्यांची नावे नुसती पाठांतराची राहतील. आणि ग्रहणाच्या वेळी आजीचा फोन येईल तेव्हा तिला काय उत्तर द्यायचे, हेही त्यांना कळणार नाही.

म्हणून मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत गणपती, दिवाळी, कोजागिरीच्या जोडीला आकाशाच्या चार तारखा छापाव्यात, सिंगापूरच्या वेळेसह. संकष्टीचा चंद्रोदयही इथलाच द्यावा. कोजागिरीला मसाला दूध उकळेपर्यंत एक साधी दुर्बीण चंद्रावर लावावी. दीक्षितांनी मागितलेल्या दोन घटका तेवढ्यात सहज निघतात.

आणि २१ मे २०३१ ही तारीख आत्ताच लिहून ठेवा. त्या दिवशीची कंकणाकृती सावली केरळ-तमिळनाडूवरून मलेशियाकडे येणार आहे. महाराष्ट्रात खंडग्रास, सिंगापुरातही खंडग्रास. इथे पुन्हा कंकण दिसायला २०६३ उजाडेल. २०१९ साली पोटात असलेला आमचा पुतण्या तेव्हा शाळेत असेल. झारा कोणी धरायचा, ते आतापासूनच ठरले आहे.